टिपर उचलत नाही? आधी जॅकला हात लावू नका
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळा सरून खाणी आणि क्रशर पुन्हा जोरात सुरू झाले की टिपरवरच्या पत्रांचा ढीग येतो. यंदाही नागपूरच्या आसपास उमरेड, सावनेर, कन्हान, वाडी, कोराडी सगळीकडून पत्रं आहेत आणि बहुतेकांत एक वाक्य ठरलेलं आहे: "मिस्त्री म्हणतो, जॅक खोलावा लागेल." म्हणून या वेळचं सदर पूर्ण पीटीओ आणि हायड्रोलिकला दिलं आहे.

चटकन एक उजळणी. गिअरबॉक्सवर बसलेला पीटीओ इंजिनाची ताकद गिअर पंपाला देतो. पंप टाकीतलं तेल ओढून टिपिंग व्हॉल्व्हकडे ढकलतो आणि व्हॉल्व्ह ते जॅकला, म्हणजे बॉडी उचलणाऱ्या सिलिंडरला देतो. बॉडी खाली येताना पंपाचं काम नसतं, तिच्या वजनानंच तेल टाकीत परत जातं. या साखळीत जॅक सगळ्यात महाग असतो आणि बहुतेक वेळा निर्दोषही.

प्रश्न : बारा चाकी टिपर आहे, पाचगावहून गिट्टी भरतो. भरलेली बॉडी पुढून तीन-साडेतीन फूट वर येते आणि तिथंच थांबते. रेस वाढवली तरी हलत नाही, फक्त सूंऽऽ असा आवाज येतो. रिकामी मात्र पूर्ण उचलते. सील किट टाकायला सांगितलं आहे. टाकू का?
— वाचक, उमरेड रोड

उत्तर : नका टाकू. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य "तीन-साडेतीन फूट" हे आहे. टेलिस्कोपिक जॅकमध्ये एकात एक बसलेल्या नळ्या असतात, प्रत्येक नळी म्हणजे एक स्टेज; त्यातली पहिली साधारण तेवढीच असते. म्हणजे पहिली स्टेज पूर्ण बाहेर येते आणि दुसरी सुरू व्हायच्या वेळी जोर कमी पडतो.

हिशेब करून पाहा. समजा जॅकची पहिली स्टेज १४९ मिमी व्यासाची आणि दुसरी १२९ मिमीची आहे. पहिलीचं क्षेत्रफळ सुमारे १७४ चौरस सेंमी, दुसरीचं सुमारे १३१. माल २० टन आणि बॉडी ४ टन धरली तर एकूण २४ टन. मागे बिजागरी आणि पुढे जॅक, त्यामुळे सुरुवातीला जॅकवर साधारण निम्मं, १२ टन येतं. १२,००० किलोला १७४ नं भागा, पहिल्या स्टेजला ६८ बारच्या आसपास दाब पुरतो. तेच वजन दुसऱ्या स्टेजवर आलं की ९० बार लागतात. बॉडी वर जाते तसा भार थोडा हलका होतो, पण जॅक त्याहून वेगानं बारीक होतो. म्हणून प्रत्येक स्टेज बदलताना गेजचा काटा वर उडी मारतो आणि दाब काठावर असेल तर गाडी नेमकी तिथंच अडते. रिकाम्या बॉडीला एवढा दाब लागतच नाही, म्हणून ती बिनबोभाट वर जाते.

आता दाब कमी का, ते गेज सांगेल. ४०० बारपर्यंतचा ग्लिसरिन भरलेला गेज घ्या, तो सील किटपेक्षा स्वस्त पडतो आणि कायम कामाला येतो. बॉडी खाली, इंजिन बंद, लिव्हर खाली करण्याच्या बाजूला धरून लाइनमधला दाब सोडा आणि मग पंपाच्या डिलिव्हरी लाइनवर गेज बसवा. आधी रिकामी बॉडी दोन-तीनदा वरखाली करून तेल गरम होऊ द्या. थंड तेलावर थकलेला पंपही शहाण्यासारखा वागतो. मग भरलेली गाडी सपाट, टणक जागेवर उभी करून हजार-बाराशे आरपीएमवर उचला.

काटा रिलीफ व्हॉल्व्हच्या (दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की तेल परत टाकीत सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) सेटिंगपर्यंत, म्हणजे तुमच्या जॅकच्या प्लेटवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत (अशा जॅकवर तो बहुधा दीडशे बारच्या वर असतो) पोचला आणि तरी बॉडी हलली नाही, तर पंप आणि व्हॉल्व्ह दोन्ही ठीक आहेत. माल जास्त आहे, पुढच्या बाजूला लोटलेला आहे किंवा मागच्या बिजागरीची पिन ग्रीसअभावी जाम आहे. काटा ८०-९० वर अडून राहिला आणि रेस वाढवूनही तिथंच असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह आधीच उघडतो आहे. तुमचा सूंऽऽ आवाज त्याचाच असावा. काटा रेसबरोबर चढतो, पण तेल तापल्यावर आधीइतका चढत नाही, तर पंपाच्या आतल्या थ्रस्ट प्लेट झिजल्या आहेत.

रिलीफ व्हॉल्व्हचा संशय आला की बहुतेक जण स्क्रू आवळतात. हे करू नका. सीटवर कचऱ्याचा कण अडकला असेल तर आवळून तो जात नाही. आणि कण स्वतःहून निघून गेला की दाब एकदम कंपनीच्या मर्यादेच्या वर जातो. मग होज फुटतो किंवा जॅकचा पाया वाकतो. लॉक नट सोडण्याआधी स्क्रू किती बाहेर आहे ते कॅलिपरनं मोजून लिहून ठेवा. व्हॉल्व्ह काढून डिझेलमध्ये धुवा, सीटवर आणि शंकूवर ओरखडा आहे का पाहा, स्प्रिंग तुटलेली नाही ना ते बघा, ओ-रिंग नवी टाका, मापावर परत बसवा आणि शेवटी गेजवर तपासा. कण आला कुठून, हेही शोधा. रिटर्न फिल्टर फाटलेला असतो किंवा पंप आतून खरवडला जात असतो.

जाता जाता मालाबद्दल. बॉडी डोळ्यांनी भरणं फार महागात पडतं. एक घनमीटर कोळसा ८००-९०० किलो, गिट्टी दीड टनाच्या पुढे, ओली रेती त्याहून जड. मनसरच्या बाजूचं मँगनीज तर तेवढ्याच जागेत दोन टनांच्या वर जातं. कोळशाच्या मापाची बॉडी शिगोशीग गिट्टीनं भरली तर दोष जॅकचा नाही.

प्रश्न : बॉडी वर करून लिव्हर मध्ये ठेवली की दहा मिनिटांत फूटभर खाली बसते. बाहेर तेलाचा थेंबही नाही. जॅकचं पूर्ण सील किट बदललं, तरी तेच.
— वाचक, वाडी

उत्तर : सील किटचे पैसे वाया गेले. तुमचा जॅक एकाच बाजूनं तेल घेणारा आहे. त्याच्या सीलच्या एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला उघडी हवा असते. सील गेलं तर तेल जमिनीवर पडणारच, आतल्या आत जायला त्याला वाट नाही. बाहेर थेंब नाही म्हणजे तेल व्हॉल्व्हमधून टाकीत परत जातं आहे.

सुरुवात कॅबिनमधल्या लिव्हरपासून करा. आपल्याकडे बहुतेक टिपिंग व्हॉल्व्ह हवेवर चालतात. लिव्हरचं हवा सोडायचं भोक धुळीनं बुजलं की "खाली"च्या लाइनमध्ये थोडी हवा अडकून राहते आणि व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो. बॉडी खाली असतानाच व्हॉल्व्हवरून ही "खाली"ची हवेची नळी काढा, मग रिकामी बॉडी उचला. आता बसत नसेल तर दोष लिव्हरचा आहे, भोक आणि लिव्हर साफ करा. एक लक्षात ठेवा, नळी काढलेली असताना बॉडी लिव्हरनं खाली येणार नाही. बॉडीला टेकू लावून, बाजूला उभं राहून नळी परत जोडा, टेकू काढा आणि मग खाली घ्या.

तरीही बसत असेल तर इंजिन बंद करून टाकीचं झाकण उघडा आणि रिटर्नच्या तोंडातून तेल येतं का पाहा. येत असेल तर व्हॉल्व्हची खाली सोडणारी सीट गळते. येत नसेल तर चेक व्हॉल्व्ह, म्हणजे तेल उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह तपासा, तेल पंपातून उलटं टाकीत जात असेल. पंप प्रॉपेलर शाफ्टवर असेल आणि पीटीओ सुटलेला असेल तर शाफ्ट हळूच उलटी फिरताना दिसते. पंप थेट पीटीओवर बसवलेला असेल तर हे दिसत नाही, चेक व्हॉल्व्ह खोलूनच पाहावा लागतो.

हे सगळं चालू असताना चेसिस आणि बॉडीच्या मध्ये कुणाचंही डोकं नको. टेकू रिकाम्या बॉडीसाठीच असतो. भरलेल्या बॉडीखाली टेकू लावूनही जायचं नाही. लाकडाचा ओंडका म्हणजे टेकू नव्हे.

प्रश्न : गिअरबॉक्सचं काम झाल्यापासून पीटीओ लावला की शिट्टीसारखा आवाज येतो. लिफ्ट चांगली आहे. चालवू का तसंच?
— वाचक, कापसी

उत्तर : चालवू नका, दात खातील. पीटीओ गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेला असेल तर त्याच्या आणि गिअरबॉक्सच्या दातांमधली फट, म्हणजे बॅकलॅश, मधल्या गॅस्केटच्या जाडीवर ठरते. साधारण ०.१५ ते ०.३० मिमी फट हवी. शिट्टी म्हणजे फट कमी, खडखड म्हणजे जास्त. काम करताना जुनं गॅस्केट फेकून बारीक कागदाचं टाकलं असेल किंवा नुसतं सीलंट फासलं असेल.

पीटीओच्या दातावर डायल गेज टेकवून, गिअरबॉक्सचा दात पक्का धरून पीटीओचा दात मागेपुढे हलवा आणि मोजा. ०.२५ मिमीचं एक गॅस्केट वाढवलं की फट सुमारे ०.१५ मिमीनं वाढते. तीनपेक्षा जास्त गॅस्केट एकावर एक रचू नका, आणि गॅस्केटच्या जागी फक्त सीलंट कधीच वापरू नका. पीटीओ गिअरबॉक्सच्या मागे बसणारा असेल तर हे लागू नाही; तिथं आवाज बेअरिंगचा किंवा पंपाच्या जोडणीचा असतो.

प्रश्न : लिफ्ट हळू झाली आहे. रिकामी बॉडीसुद्धा वर जायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो आणि पंप किंचाळतो. तेल ६८ नंबरच टाकतो. उन्हाळ्यात काही वेगळं टाकावं का? टाकीतलं तेल पांढरटही दिसतं.
— वाचक, सावनेर

उत्तर : यात तीन प्रश्न आहेत, पण मूळ एकच.

वेळेचा हिशेब असा. ८२ सीसीचा पंप, पीटीओची शाफ्ट हजार आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८२ लिटर. गळती वजा जाता ७४ धरा. चार स्टेजच्या, प्रत्येकी मीटरभर स्ट्रोकच्या जॅकमध्ये ४५-४७ लिटर तेल जातं. चाळीस सेकंदांच्या आसपास बॉडी पूर्ण वर यायला हवी. तुमच्या पंपाचा आकडा त्याच्या प्लेटवरून घ्या, घड्याळ लावा. वेळ दुप्पट लागतो म्हणजे पंपाला अर्धंच तेल मिळतं आहे, आणि किंचाळणं हा तेल न मिळण्याचाच आवाज आहे.

टाकीपासून पंपाकडे या. टाकीचा ब्रीदर, म्हणजे टाकीत हवा येण्याजाण्याची वाट, कोळशाच्या बुकटीनं बंद झाला आहे का? टाकीचं झाकण सैल करून बॉडी उचलून पाहा; आवाज गेला तर ब्रीदरच बदला. सक्शनचा, म्हणजे टाकीतून पंपाकडे येणाऱ्या लाइनचा, बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का? सक्शन होज वरून धडधाकट दिसतो, पण आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबतं आणि रेस वाढवली की वाट बंद करतं. जुना असेल तर बिनशर्त बदला. शेवटी क्लॅम्प. चालत्या पंपावर सक्शनच्या प्रत्येक जोडावर थोडं तेल ओता. ज्या जोडावर आवाज बदलतो तिथून हवा जाते. हे बॉडी खाली असताना आणि फिरत्या शाफ्टपासून हात लांब ठेवूनच करायचं.

पांढरट तेल हवेमुळं आहे की पाण्यामुळं, तेही कळू शकतं. काचेच्या बरणीत भरून तासभर ठेवा. हवा असेल तर तेल खालून वर स्वच्छ होत जातं. पाणी असेल तर ते दुधासारखंच राहतं किंवा तळाशी पाणी बसतं. गरम तव्यावर दोन थेंब टाकले आणि चरचरले तरी पाणीच. पाणी असेल तर टाकी, होज आणि जॅक सगळं रिकामं करावं लागेल. टाकीतलं बदलून जॅकमधलं तसंच ठेवलं तर काही उपयोग नाही.

तेल ६८ नंबरचंच ठेवा. हा आकडा म्हणजे ४० अंशांना तेल किती घट्ट आहे त्याचं माप. नागपूरच्या मे महिन्यात बाहेरच ४५ असतात, त्यात लागोपाठ फेऱ्या झाल्या की टाकीतलं तेल सहज ७० अंशांवर जातं. तिथं ३२ नंबर पाण्यासारखं होईल. कंपनीनं ४६ सांगितलं असेल तर ४६ घाला, नाहीतर ६८ बारा महिने चालतं. उरलेलं इंजिन ऑइल त्यात मिसळू नका. त्यातलं डिटर्जंट पाणी तळाशी बसू देत नाही.

आणि तेलाची पातळी नेहमी बॉडी पूर्ण खाली असतानाच पाहायची. वर असताना भराल तर खाली येताना ते ब्रीदरमधून चेसिसवर वाहील.

प्रश्न : नवा पंप बसवला. दोन मिनिटांत शाफ्टचं सील उडालं, बॉडी इंचभरही हलली नाही. दुकानदार म्हणतो फिटिंग चुकलं, मिस्त्री म्हणतो पंप खराब.
— वाचक, हिंगणा

उत्तर : पंप उलट्या दिशेचा दिला गेला असावा. बहुतेक गिअर पंप एकाच दिशेनं फिरायला बनवलेले असतात. उलटा फिरला की दाब सक्शनच्या बाजूला येतो. शाफ्टचं सील त्याच बाजूला असतं आणि त्याला तो दाब झेपत नाही. जुन्या पंपावरचा बाण, कोड आणि मोठं पोर्ट कोणत्या बाजूला आहे, तिन्ही नव्याशी जुळवा. मोठं पोर्ट सक्शनचं. पीटीओच्या तोंडाकडे पाहून दिशा ठरवत असाल तर पंप समोरून बसतो हे विसरू नका. पीटीओ घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरताना दिसत असेल तर शाफ्टच्या बाजूनं पाहता पंप काट्याच्या उलटा हवा.

आता गिअरबॉक्स तपासा. पंप थेट पीटीओवर असेल तर सील उडाल्यावर हायड्रोलिक तेल गिअरबॉक्समध्ये शिरतं. लेव्हल प्लग उघडल्यावर तेल धार लागून बाहेर आलं तर गिअरबॉक्सचं तेल पूर्ण बदला. काही पीटीओंना दोन सीलच्या मध्ये बारीक भोक असतं. तिथून थेंब पडू लागला की लोक एम-सील लावून बंद करतात. ते भोक सील गेल्याची खबर द्यायलाच आहे, ते उघडंच राहू द्या.

पुढचा पंप बसवताना आत स्वच्छ तेल ओता, सक्शनचा व्हॉल्व्ह उघडा आणि दोन-तीन मिनिटं फक्त आयडलवर चालवा.

प्रश्न : कोराडीची ओली राखड टाकतो. माल पुढच्या बाजूला चिकटून राहतो. ड्रायव्हर गाडी पुढे घेऊन झटका ब्रेक मारतात. याला दुसरा उपाय?
— वाचक, कोराडी

उत्तर : झटका मारणं पहिल्यांदा बंद करा. जॅक पूर्ण बाहेर असताना तो सगळ्यात बारीक आणि सगळ्यात नाजूक असतो. स्टेज वाकते ती इथंच. शिवाय माल पुढे अडकलेला म्हणजे काही टन वजन जमिनीपासून चार-पाच मीटरवर. एका बाजूचं चाक भरावात अर्धा फूट रुतलं तरी गाडी आडवी होते.

मागचा डाला उघडा आहे याची खात्री करूनच उचला. जागा डावी-उजवीकडे सपाट हवी. अर्ध्यावर पाहा, मागचा माल सरकला आणि पुढचा जागचा हलला नाही तर तिथंच थांबा, खाली घ्या आणि खाली घेतलेल्या बॉडीतला माल जेसीबीनं मोकळा करा. उचललेल्या बॉडीत फावडं घेऊन कुणी चढायचं नाही. बॉडीला प्लॅस्टिकचं लायनर बसवलं किंवा फेरीच्या शेवटी कोपरे धुऊन घेतले तर चिकटणं बरंच कमी होतं. काळी माती नेणाऱ्यांनाही हेच लागू.

गाडी कलंडू लागली तर ड्रायव्हरनं उडी मारायची नाही. बेल्ट बांधलेला ठेवून कॅबिनमध्येच राहायचं.

साडेपाच मीटरची बॉडी पूर्ण उचलली की तिचं टोक सहा मीटरच्या वर जातं, म्हणून डोक्यावरच्या तारा आधी पाहा. तारेला लागलीच तर वीज बंद झाल्याचं कळेपर्यंत कॅबिनमध्ये बसून राहा, आणि कुणी गाडीजवळ येऊ नये म्हणून ओरडून सांगा. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर दोन्ही पाय जोडून बाहेर उडी घ्या. गाडी आणि जमीन एकाच वेळी धरू नका. मग पाय जमिनीवरून न उचलता सरकत लांब जा.

प्रश्न : जॅकच्या नळ्यांना ग्रीस लावावं का? एक स्टेज खाली येताना अडते, मग धप्पकन बसते.
— वाचक, मनसर

उत्तर : नळ्यांना ग्रीस नको. धूळ त्यावर चिकटते आणि सीलच्या ओठाशी सँडपेपर तयार होतो. ग्रीस फक्त खालच्या-वरच्या पिनांना आणि मागच्या बिजागरीला, तेही खाणीच्या धुळीत दर आठवड्याला. खाली येताना सगळ्यात बारीक स्टेज आधी आत जायला हवी. क्रम चुकत असेल तर अडणाऱ्या स्टेजवर गंज, ओरखडा किंवा वाक शोधा. इथं मात्र जॅक खोलावा लागेल. वाकलेली स्टेज ठोकून सरळ करू नका, बदला.

प्रश्न : पीटीओचा बझर सतत वाजतो म्हणून ड्रायव्हरनं वायर काढून टाकली. चालेल का?
— वाचक, बुटीबोरी

उत्तर : नाही. पीटीओ लागलेला ठेवून गाडी पळवली की पंप त्याच्या मर्यादेच्या वर फिरतो, तेल उकळायला येतं आणि लिव्हरला धक्का लागला तर चालत्या गाडीत बॉडी वर जाते. बझर सतत वाजतो याचं कारण बहुधा पीटीओ पूर्ण सुटत नाही. हवेचा दाब ६ बारच्या वर आहे का, सोलेनॉइडमधून (विजेवर चालणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हमधून) हवा पूर्ण बाहेर पडते का, पीटीओच्या सिलिंडरची परतीची स्प्रिंग तुटली आहे का, हे पाहा. हे सगळं ठीक असेल तर बझरचा स्विच खराब आहे. तो बदला आणि वायर आजच परत जोडा.